एकास अठ्ठेचाळीस : लांब पल्ल्याच्या विमानाचा नमुना कसा वाचावा

२४ एप्रिल १९२९ रोजी इंग्लंडमधल्या क्रॅनवेल येथून एका इंजिनाचे, एका पंखाचे एक मोठे विमान बंगळूरच्या दिशेने निघाले. रॉयल एअर फोर्सचे जोन्स-विल्यम्स आणि जेन्किन्स हे दोन अधिकारी त्यात होते. वाटेत कुठेही न उतरता कापलेल्या अंतराचा जागतिक विक्रम मोडायचा, हा बेत होता. समोरून येणाऱ्या वाऱ्याने तो पुरा होऊ दिला नाही. उरलेल्या पेट्रोलात बंगळूर गाठणे शक्य नाही हे दिसल्यावर त्यांनी विमान कराचीला उतरवले. पन्नास तासांहून अधिक काळ हवेत राहून त्यांनी ६,६४७ किलोमीटर अंतर कापले होते. विक्रम झाला नाही, पण इंग्लंडहून हिंदुस्थानात विनाथांबा आलेले ते पहिले विमान ठरले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा प्रांत झाला तो १९३६ साली. १९२९ च्याच डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या वाटेवर हे विमान ट्युनिशियातल्या डोंगरावर आदळले आणि दोघेही वैमानिक मृत्युमुखी पडले. फेअरी कंपनीने याच जातीचे दुसरे विमान बांधले. फेब्रुवारी १९३३ मध्ये गेफर्ड आणि निकोलेट्स यांनी ते क्रॅनवेलहून नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या वॉल्विस बेपर्यंत ५७ तास २५ मिनिटांत नेले आणि ८,५४४ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. पुढे तेही राहिले नाही. आज फेअरी लाँग-रेंज मोनोप्लेन या जातीचे एकही विमान जगात शिल्लक नाही.

जे विमान उरलेच नाही, ते संग्रहालयाने दाखवायचे कसे? काचेच्या पेटीत ठेवलेला प्रमाणबद्ध नमुना हे त्याचे नेहमीचे उत्तर. प्रेक्षक बहुधा त्या पेटीपुढून लवकर सरकतो. खरे विमान मिळाले नाही म्हणून हे ठेवले असावे, अशी त्याची समजूत असते. ती समजूत चुकीची आहे, हे दाखवणे हा या लेखाचा हेतू आहे. चांगला नमुना ही मूळ वस्तूची गरीब बदली नसते. आराखडे, छायाचित्रे, मोजमापे आणि उड्डाणांच्या नोंदी तपासून कोणीतरी काढलेला तो निष्कर्ष असतो. इतिहासकार जसे वाक्य लिहितो, तसे नमुनाकार लाकडात आणि धातूत विधान करतो. विधान म्हटले की ते तपासता येते, त्यावर वाद घालता येतो, ते सुधारताही येते. लांब पल्ल्याच्या विमानांच्या बाबतीत तर हे विधान मूळ विमानापेक्षाही काही गोष्टी स्पष्ट सांगू शकते. का, ते पुढे पाहू.

आधी नमुन्याच्या कुळाविषयी. विमानविद्येत नमुना हा विमानामागून आलेला नाही, तो विमानाच्या आधी आलेला आहे. राइट बंधूंनी १९०१ च्या शरद ऋतूत स्वतःच तयार केलेल्या वातबोगद्यात सुमारे दोनशे छोटे पंख पारखले, आणि त्या आकड्यांच्या आधारावर १९०२ चे ग्लायडर व १९०३ चे विमान उभे राहिले. दुसऱ्या बाजूला सॅम्युएल लँग्ली यांचे उदाहरण आहे. त्यांचा वाफेवर चालणारा नमुना १८९६ साली पोटोमॅक नदीवर सुमारे एक किलोमीटर उडाला. पण १९०३ मध्ये माणूस बसवून सोडलेले मोठे यंत्र दोन्ही वेळा नदीत कोसळले. नमुना उडाला म्हणून मोठे विमान उडेलच असे नाही, हा धडा अभियंत्यांना तेव्हा मिळाला. लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि आकारमान आठपट. भार वाढतो तो आकारमानाच्या हिशेबाने, उचल मिळते ती पृष्ठभागाच्या हिशेबाने. हा साधा भूमितीचा नियम विमान बांधणाऱ्याला सतत अडवतो. नमुना वाचणाऱ्याला मात्र तोच नियम सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

कसा, ते फेअरीच्या विमानावरच ताडून पाहू. समजा, पेटीत ठेवलेला नमुना एकास अठ्ठेचाळीस या प्रमाणात आहे. मूळ विमानाच्या पंखांचा पसारा २५ मीटर होता. नमुन्यात तो ५२ सेंटिमीटर होईल. पावणेपंधरा मीटर लांबीचे धड शाळेतल्या फूटपट्टीएवढे उरेल. वैमानिक साडेतीन सेंटिमीटरचा होईल, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेरापेक्षा थोडा मोठा. आता इंधन. मूळ विमानाच्या पंखांमधल्या टाक्यांत एक हजार गॅलनांहून थोडे अधिक, म्हणजे साडेचार हजार लिटरांपेक्षा जास्त पेट्रोल मावत असे. आकारमान मात्र अठ्ठेचाळीसपट घटत नाही. अठ्ठेचाळीस गुणिले अठ्ठेचाळीस गुणिले अठ्ठेचाळीस, म्हणजे एक लाख दहा हजार पटींहून जास्त घटते. म्हणून नमुन्याच्या टाक्यांत जेमतेम चाळीस मिलिलिटर पेट्रोल मावेल. कटिंग चहाचा ग्लासही त्याने भरणार नाही. आणि अंतर? क्रॅनवेल ते कराची हे अंतर त्याच प्रमाणात आणले तर १३८ किलोमीटर होते, म्हणजे मुंबईहून निघून जवळजवळ पुण्यापर्यंत. फूटभर लांबीच्या त्या विमानाला अर्ध्या ग्लासाच्या आसपास पेट्रोलात बोरघाट ओलांडायचा आहे, असे मनाशी धरले की १९२९ च्या अभियंत्यांपुढे काय उभे होते ते डोळ्यांसमोर येते. हे आकडे मूळ विमानाच्या शेजारी उभे राहूनही मांडता आले असते, पण तिथे ते कागदावरच राहिले असते. नमुन्यापुढे ते हातात मावतात.

यातून लांब पल्ल्याच्या विमानाचे खरे रूप कळते. पूर्ण भरलेल्या फेअरीचे वजन आठ टनांच्या जवळपास जात असे आणि त्यातला सुमारे चाळीस टक्के भाग निव्वळ पेट्रोलचा होता. म्हणजे हे विमान आधी इंधनाची उडती कोठी होते, मग वाहन. निघताना ते सर्वांत जड आणि सर्वांत असहाय असे. पुढे प्रत्येक तासाला हलके होत जाई. त्याच्या आकारातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे कारण या एका वस्तुस्थितीत आहे. पंख लांब, कारण लांब पंख कमी ओढ सोसून उचल देतो. पंखाला बाहेरून तारा वा खांब नाहीत, कारण प्रत्येक तार हवेत ओढ निर्माण करते आणि पन्नास तासांत ती ओढ शेकडो किलोमीटर खाऊन टाकते. इंजिन नेपियर लायन, ५७० अश्वशक्तीचे आणि एकच, कारण दुसरे इंजिन म्हणजे दुप्पट तहान. नमुन्यात हे सगळे बाहेरून दिसते. पाहणाऱ्याला त्याची कारणे ठाऊक असली म्हणजे झाले.

मात्र एकट्या नमुन्यापेक्षा एकाच प्रमाणातले अनेक नमुने शेजारी ठेवले की त्यांची खरी ताकद उघड होते. १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्ग यांचे ‘स्पिरिट ऑफ सेंट लुईस’ वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयात आहे. वैमानिक चकालोव्ह यांनी जून १९३७ मध्ये मॉस्कोहून उत्तर ध्रुवावरून अमेरिकेतल्या व्हँकुव्हर या गावी नेलेले तुपोलेव्हचे ‘अँट-२५’ रशियात, त्यांच्या जन्मगावी चकालोव्ह्स्क येथे जपलेले आहे. फेअरीचे विमान तर उरलेलेच नाही. ही तिन्ही विमाने एका छताखाली कधीच येणार नाहीत. एकास अठ्ठेचाळीस प्रमाणातले त्यांचे नमुने मात्र एका टेबलावर मावतात, आणि तिथे दहा वर्षांचा इतिहास एका नजरेत दिसतो. १९२७ च्या लिंडबर्ग यांच्या विमानाचा पसारा २९ सेंटिमीटर, १९२९ च्या फेअरीचा ५२, १९३७ च्या अँट-२५ चा ७१. नुसती लांबीच वाढलेली नाही. पंखाच्या लांबीचे त्याच्या सरासरी रुंदीशी असलेले गुणोत्तर पाहा: पहिल्यात साडेसहाच्या आसपास, दुसऱ्यात आठच्या जवळ, तिसऱ्यात तेराच्या वर. पंख क्रमाक्रमाने गरुडाकडून समुद्रावर दिवसेंदिवस तरंगणाऱ्या अल्बट्रॉसकडे गेला आहे. दर मैलाला लागणारे इंधन कमी कसे करावे, या एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे आहेत. अँट-२५ जातीच्याच दुसऱ्या विमानातून ग्रोमोव्ह यांनी जुलै १९३७ मध्ये १०,१४८ किलोमीटरचा विक्रम केला, तो याच पंखाच्या बळावर.

तेच नमुने पुढून पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. लिंडबर्ग यांच्या विमानाला समोरची काच नाही. मुख्य टाकी वैमानिकाच्या पुढे ठेवल्यामुळे त्यांना थेट पुढचे दिसतच नव्हते. बाजूच्या खिडक्या आणि एक छोटा पेरिस्कोप एवढ्यावर त्यांनी अटलांटिक ओलांडला. निघताना त्यांच्या विमानाच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक पेट्रोल होते. फेअरीत आणि अँट-२५ मध्ये टाक्या पंखांत गेल्या, त्यामुळे धड मोकळे झाले. पंखभर पसरलेल्या इंधनाचे वजन वरच्या दिशेने ढकलणाऱ्या हवेच्या जोराला तोलून धरते, म्हणून लांब पंख मोडत नाही. इंधन कुठे ठेवले, या एका निर्णयाने वैमानिकाची दृष्टी आणि पंखाची मजबुती दोन्ही बदलल्या. ही गोष्ट तीन स्वतंत्र ग्रंथांत शोधावी लागली असती. टेबलावरचे तीन नमुने ती न बोलता सांगतात.

आता नमुनाकाराच्या जबाबदारीकडे वळू, कारण इथेच नमुना आणि खेळणे वेगळे होतात. नमुनाकाराला मूळ विमानाच्या आयुष्यातल्या कोणत्या तरी एका दिवसाची निवड करावी लागते. इंधन भरून निघायच्या तयारीत असलेले विमान आणि पन्नास तासांनी रिकामे होऊन उतरलेले विमान यांची उभे राहण्याची ढब एकसारखी नसते. लांब पंख जमिनीवर भाराने थोडा झुकतो आणि हवेत वर वाकतो. कोणते विमान, हेही ठरवावे लागते. शेपटीकडच्या भागावर ‘जे ९४७९’ लिहिले तर ते कराचीला आलेले आणि ट्युनिशियात नष्ट झालेले विमान. ‘के १९९१’ लिहिले तर आफ्रिकेचा विक्रम करणारे, स्वयंचालक यंत्रणा बसवलेले दुसरे विमान. ही खूण चुकली तर दोन माणसांचे मरण आणि दोन माणसांचा विजय यांची अदलाबदल होते. रंगाचा प्रश्न आणखी अवघड. त्या काळच्या पुष्कळशा छायाचित्र-फिल्मना लाल रंग दिसत नसे. लाल काळपट येई आणि निळा फिका. म्हणून करड्या छटेवरून रंग ठरवणे हा पुराव्याचा अर्थ लावण्याचा प्रकार आहे, आणि अर्थ चुकू शकतो. तारांचेही तेच. तीन मिलिमीटर जाडीची तार एकास अठ्ठेचाळीस प्रमाणात केसाएवढी बारीक होते. ती तशी लावली तर दिसत नाही, जाड लावली तर प्रमाण मोडते. चांगला नमुनाकार अशा प्रत्येक ठिकाणी निवड करतो. त्याने आपली निवड लिहून ठेवावी आणि संग्रहालयाने ती फलकावर छापावी, ही माझी मागणी आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल: एवढ्या निवडी आणि एवढे अंदाज असतील, तर नमुन्याला पुरावा कसे म्हणायचे? उत्तर असे की नमुना स्वतः पुरावा नाहीच, तो पुराव्यावर आधारलेला निष्कर्ष आहे, आणि निष्कर्षाची किंमत त्यामागच्या आधारावर ठरते. पुरातत्त्वज्ञ खापरांवरून रांजणाचा आकार उभा करतात तेव्हा भर घातलेला भाग ते वेगळ्या रंगात ठेवतात, पाहणाऱ्याला कुठे पुरावा संपला ते कळावे म्हणून. विमानाच्या नमुन्यानेही हाच शिरस्ता पाळावा. अंदाज असणे हा दोष नाही. अंदाज लपवणे हा दोष आहे. शिवाय नमुना अंदाज करायला भाग पाडतो. लेखक एखाद्या जोडाविषयी मौन पाळू शकतो, नमुनाकाराला ते जमत नाही. पंख धडाला कुठेतरी जोडावाच लागतो. म्हणून नमुना तयार करताना इतिहासातल्या रिकाम्या जागा उघड्या पडतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पूर्ण आकाराची प्रतिकृती, तीही उडणारी, करता येत असताना छोटा नमुना कशाला? अल्कॉक आणि ब्राउन यांनी १९१९ साली अटलांटिक ओलांडला ते व्हिकर्स व्हिमी विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे; तरीही १९९० च्या दशकात व्हिमीची उडणारी पूर्ण प्रतिकृती बांधली गेली, १९९४ मध्ये ती इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली आणि २००५ मध्ये तिने अटलांटिकही ओलांडला. जुनी विमाने हाताळायला किती कठीण होती, हे या उड्डाणांतून कळले आणि ते ज्ञान अमूल्य आहे. पण उडणाऱ्या प्रतिकृतीला माणसांचे प्राण जपायचे असतात, म्हणून तिच्यात आधुनिक इंजिने येतात आणि जागोजागी तडजोडी होतात. पूर्ण आकाराचे विमान पाहणाऱ्याला एका नजरेत सामावता येत नाही. तो शेपटीकडे गेला की नाक विसरतो. आणि वीस विमाने शेजारी ठेवण्याइतकी जागा फार थोड्या संग्रहालयांकडे असते. पूर्ण प्रतिकृती उड्डाण शिकवते, नमुना घडण शिकवतो. एकाची जागा दुसरा घेत नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळाचा: पडद्यावरचे त्रिमित चित्र फिरवता येते, उघडता येते, आत शिरता येते, मग धूळ खाणारी पेटी हवी कशाला? पडद्याचे हे गुण मान्यच केले पाहिजेत. विमानाच्या पोटातल्या टाक्या दाखवायला त्याहून चांगले साधन नाही. अँट-२५ च्या पंखांवरचा नालीदार पत्रा कापडाने झाकून गुळगुळीत केला होता, हे पडद्यावर थर सोलून दाखवता येते. नमुन्यात ते कापडाखालीच राहते. पण पडद्यावर वस्तूला आकार नसतो. बोटांनी ताणली की ती मोठी होते, चिमटली की लहान. प्रमाण हेच जिथे सगळ्या विचाराचे मूळ आहे, तिथे प्रमाणच हातातून निसटते. पेटीतला नमुना आपला आकार बदलत नाही, म्हणून पाहणाऱ्याला स्वतःच्या हाताशी, चेहऱ्याशी, शेजारच्या नमुन्याशी त्याची तुलना करावीच लागते. पडद्याने नमुन्याशेजारी बसावे, हे उत्तम.

चौथा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळू नये. ही उड्डाणे निर्मळ साहसे नव्हती. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची साप्ताहिक हवाई सेवा सुरू केली. तिला सात दिवस लागत. त्यानंतर महिन्याभरात रॉयल एअर फोर्सचे विमान तेच अंतर दोन दिवसांत कापते, यात साम्राज्याला आपल्या वसाहती हाताच्या अंतरावर आणायच्या होत्या, हे स्पष्ट दिसते. अँट-२५ च्या उड्डाणांचा स्टालिनच्या राजवटीने स्वतःच्या गौरवासाठी वापर केला. चकचकीत नमुना हा सगळा संदर्भ पुसून विमानाला दागिना करतो, अशी तक्रार रास्त आहे. तिचे उत्तर नमुना काढून टाकणे हे नव्हे, त्याच्याभोवतीचा मजकूर वाढवणे हे आहे. फेअरीच्या पेटीवर कराचीइतक्याच ठळकपणे ट्युनिशियाही लिहिले पाहिजे. विमान कोणी, कशासाठी आणि कोणाच्या पैशाने उडवले, हे पंखाच्या मापाइतकेच महत्त्वाचे माप आहे.

मराठी वाचकाचा या विषयाशी संबंध दूरचा नाही. इंग्लंडहून कराचीला येणारी टपाल पुढे नेण्यासाठीच १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी आपले छोटे पस मॉथ विमान कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे आणले आणि आपल्या नागरी हवाई वाहतुकीचा आरंभ झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. ही कंपनीची पहिली आंतरराष्ट्रीय सेवा. तेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. फेअरीप्रमाणे तेही आता पूर्ण रूपात फक्त कागदपत्रांत आणि नमुन्यांत भेटू शकते. गोव्यातल्या नौदल हवाई संग्रहालयात मात्र मूळचे एअर इंडियाचे आणि पुढे नौदलाकडे आलेले एक सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. त्याच्या मोठ्या धडाशेजारी पस मॉथ आणि ‘मलबार प्रिन्सेस’ यांचे एकाच प्रमाणातले, आधार नोंदवलेले नमुने ठेवले, तर कराचीपासून सुरू झालेला सोळा वर्षांचा प्रवास शाळकरी मुलालाही व्याख्यानाशिवाय कळेल. त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. आराखडे जपणारा एक अभिलेखपाल, हात बसलेला एक नमुनाकार आणि अंदाजाला अंदाज म्हणण्याचा प्रामाणिकपणा एवढे पुरे.

वाचकाला एवढेच सांगणे आहे. पुढच्या वेळी संग्रहालयात अशा पेटीपुढे आलात तर विमानाकडे पाहण्याआधी फलक वाचा. प्रमाण किती आहे, कोणते विमान आणि कोणत्या दिवसाचे आहे, काय पुराव्यावर आहे आणि काय अंदाजावर, हे तिथे लिहिलेले आहे का, ते पाहा. नसेल तर संग्रहालयाला विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि त्या विमानातून गेलेल्या माणसांचे ते ऋणही आहे. मग प्रमाणाचा आकडा तीनदा गुणा, टाकीत किती पेट्रोल मावेल ते काढा, आणि तेवढ्यात ते विमान कुठवर गेले, ते आठवा.